बाहेर बसवलेली गाठ

यशवंतभाऊ पाईकराव माझ्या खोलीवर आले की आधी भिंतीला गाल लावत. उजवा गाल. डावा लावून उपयोग नव्हता. त्या बाजूला कातडी होती, पण तिला ऊन की सावली एवढंही कळत नसे. भिंत झाली की दाराची चौकट, मग विजेच्या बटणांच्या पाटीखालची जागा, मग माझी गादी. सगळीकडे गाल टेकवून झाला की मगच ते बसत आणि तेही दाराच्या तोंडाशी. माझ्या घरमालकिणीनं मला एकदा विचारलंच, “तुमचे ते पाहुणे भिंतीले कानात काय सांगतात जी?” मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

उमरखेडच्या बाहेर एक जिनिंग होतं. सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचं काम तिथं चाले. मी तिथे काटाबाबू होतो, म्हणजे कापसाच्या गाड्या काट्यावर घेऊन वजन लिहिणारा. यशवंतभाऊ तिथले फिटर. मी मूळचा यवतमाळचा आणि मूळचाच भित्रा. कुत्र्याला भितो, विजेला भितो, साहेबाला तर भितोच. त्यामुळे दुसऱ्याची भीती मला लगेच ओळखू येते. पण यशवंतभाऊंच्या वाट्याला पुढे जी आली, तशी मी कोणाच्याच घरात बघितली नाही.

आधीचे यशवंतभाऊ वेगळेच होते. उंच, खांद्यावर कायम एक तेलकट फडकं आणि कोणत्याही यंत्रावर तळहात ठेवायची सवय. चालत्या जिनाच्या अंगावर हात ठेवून डोळे मिटत आणि म्हणत, “बेरिंगले ताप आला हाये. थांबवा.” थांबवून बघावं तर बेरिंग खरोखर जळायच्या बेतात असे. कामगार त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांनाही ते आवडे. मी एकदा सर्दीनं हैराण होऊन बसलो होतो, तर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, “बाबू, तुमाले काई नाई झालं. तुमी कामाले भेता, येवढंच.” सगळे हसले. हात अचूक होता, हे मला मान्य करावं लागलं.

ती वर्षं कापसाला भाव नसल्याची. लोक कापूस विकायला आणतच नसत. आज ना उद्या भाव चढेल म्हणून घरातच भरून ठेवत. आमचं जिनिंग आठवड्यातून तीन-चार दिवस चाले. जो कापूस येई तो घाईत वेचलेला, काडीकचरा आणि खडे असलेला. खडा म्हणजे आमचा काळ. यशवंतभाऊंनी मला पहिल्याच महिन्यात ते शिकवलं होतं. खडा रुळावर घासतो, ठिणगी उडते, ती रुईबरोबर वाहत प्रेसमध्ये जाते. प्रेस तिच्यावर पावणेदोनशे किलो रुई दाबून बसवते आणि वरून लोखंडी पट्ट्या आवळते. गाठ बाहेरून पांढरीशुभ्र आणि आत ठिणगी जिवंत. हवा नाही म्हणून भडकत नाही, पण मरतही नाही. हळूहळू आतल्या आत खात राहते.

अशी शंका आलेली गाठ गोदामात न्यायची नाही, असा नियम होता. तिला कंपाउंडच्या कडेला एकटी ठेवायची, पाच दिवस. “बाहेर बसवली” असं आम्ही म्हणत असू. सरकी झाडणाऱ्या बाया यावरून तोंडाला पदर लावून हसायच्या. “पाचव्या दिशी नाहाली का घ्या तिले घरात,” म्हणायच्या. पाच दिवसांनी यशवंतभाऊ गाठीला सगळ्या बाजूंनी तळहात लावत, उलटी करवून खालूनही बघत. थंड लागली तर पट्ट्या तोडून रुई मोकळी करायची. गरम लागली तर आणखी पाच दिवस.

त्या वर्षीच्या जानेवारीत अशी एक गाठ बाहेर बसली होती. चौथा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून जिनिंग आठवडाभर बंद राहणार होतं, म्हणून मॅनेजरनं विचारलं, आजच सोडता येईल का. सक्ती नव्हती, नुसतं विचारलं. यशवंतभाऊ गाठीजवळ गेले. सकाळचे आठ वाजले असतील. आदल्या रात्री हाडं गोठवणारी थंडी पडली होती आणि गाठीवर दव होतं. त्यांनी हात लावला, गाठ उलटवली, पुन्हा लावला. “पाचवा दिस कायले पाह्यता? थंड हाये,” ते म्हणाले आणि छिन्नी मागितली.

थंडी बाहेरच्या रुईला लागली होती. आतलीला नाही. हे नंतर सगळ्यांना समजलं. त्या वेळी कोणालाही सुचलं नाही, आणि त्यांच्या हातावर शंका घेणारा माणूस तिथे नव्हताच.

मी चाळीस पावलांवर काट्याजवळ चहा पीत उभा होतो. पहिली पट्टी तुटली, दुसरी, तिसरी. गाठ सुटली की फुगते, तशी ती फुगली आणि आत हवा शिरली. मग मला यशवंतभाऊ दिसेनासे झाले. त्यांच्या जागी नुसता जाळ होता आणि त्यातून दोन हात बाहेर येत होते. बाया धावल्या, ओली पोती घेऊन धावल्या, एकीनं तर स्वतःचं लुगडं ओढून त्यांच्या अंगावर टाकलं. मी काय केलं? काहीच नाही. कप हातात धरून उभा राहिलो. सगळं आटोपल्यावर बघितलं तर कपातला चहा एक थेंबही सांडला नव्हता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

दोन्ही हात कोपरापर्यंत, मान आणि चेहऱ्याची डावी बाजू. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ते अडीच महिने होते. माझं घर यवतमाळलाच, म्हणून दर रविवारी मी भेटायला जात असे. खरं कारण तो कप होता. त्यांची बायको कांतावहिनी सगळे दिवस तिथेच राहिली. अंगानं काडी, जिभेनं तिखट. पट्टी बदलायच्या वेळी यशवंतभाऊ ओरडायचे आणि ती त्यांचे पाय घट्ट धरून उलट त्यांच्यावरच ओरडायची, “ओरडा, अजून ओरडा, मी काई बहिरी नाई झाली.” पट्टी झाली की बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुवायची आणि बराच वेळ तिथेच उभी राहायची.

एका रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा यशवंतभाऊंचा डोळा लागला होता. मी खुर्ची ओढून बसायला वाकलो आणि माझ्या खिशातली काडेपेटी खुळखुळली. तेवढाच आवाज. ते पलंगावरून थेट खाली पडले आणि पट्ट्या बांधलेल्या हातांवर सरपटत पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकले. रक्त आलं. ते नुसते माझ्या खिशाकडे बघत होते. अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर जाऊन काडेपेटी आणि विड्यांचं बंडल दोन्ही गटारात टाकलं. लोक मला विचारतात की तुम्ही विडी कशी सोडली, तेव्हा मी तब्येतीचं कारण सांगतो.

मार्च संपता संपता ते घरी आले. दोन खोल्यांचं घर, पुढे मातीचं अंगण. आल्या दिवशी त्यांनी चुलीत पाणी ओतलं, काडेपेट्या विहिरीत टाकल्या आणि बुद्धाच्या मूर्तीपुढची अर्धी जळलेली मेणबत्ती काढून कांतावहिनीच्या हातात दिली. “फुलं ठेव. फुलानं बी वंदना होते,” म्हणाले. घरात सात बादल्या पाणी भरून ठेवलेलं असे आणि ते सातही बादल्यांना रोज गाल लावून बघत. तळहाताला आता काही कळत नव्हतं. जाड, चकचकीत कातडीखाली बोटं अर्धी मिटलेली. समजत होतं ते फक्त उजव्या गालाला.

चुलीशिवाय संसार कसा चालेल? कांतावहिनी शेजारच्या गयाबाईच्या घरी भाकरी करायची. तिथे चूल पेटली की यशवंतभाऊ गल्लीत उभे. मधल्या भिंतीला गाल लावून, डोळे गयाबाईच्या दाराकडे. आगीकडे पाठ म्हणून करायची नाही. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीसमोरून जातानासुद्धा ते आडवे, खेकड्यासारखे चालत, स्टोव्ह नजरेआड झाला की मग सरळ होत. पोरं नक्कल करायची. चहा घ्यायचे तो पार गार झालेला. आणि कामाचं असं की रोज सकाळी डबा घेऊन जिनिंगच्या फाटकापर्यंत येत, फाटकाला हात न लावता उभे राहत आणि घटकाभरानं परत जात. मॅनेजरनं त्यांची जागा भरली नव्हती. “आज नाई, बाबू,” मला म्हणत. मी म्हणे, “उद्या.” असे तीन महिने गेले.

त्यांची मुलगी सुजाता तिसरीत होती. तिला शाळेत कोणीतरी विचारलं की तुझे बाबा वेडे झाले का, त्या दिवशी कांतावहिनीनं त्यांना पुन्हा यवतमाळला नेलं. मलाही बरोबर घेतलं. या वेळी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे. यशवंतभाऊ रस्ताभर चिडलेले. “मी येडा नाई. येडे तुमी, जे घरात इस्तू ठेवून झोपता.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बरंच काही विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, “आगीची भीती वाटते ना?”

“आगीची नाई जी,” यशवंतभाऊ म्हणाले. कांतावहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. “आग तं दिसते. दिसते तिच्यापासून मानसाले पळता येते. मले थंड लागते त्याची भीती वाटते. माह्या हातानं मले सांगतलं का थंड हाये. आता मी कोनाच्या हातावर भरोसा ठेवू?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी बाहेर बसवलेल्या गाठीबद्दल सगळं विचारून घेतलं, पाच दिवस का, कोण बघतं, कसं बघतं. प्रेसवर दाब दाखवणारा काटा असतो हेही त्यांना यशवंतभाऊंकडूनच समजलं. तोच त्यांनी धरला. “तुमच्या छातीतही असा काटा आहे असं समजा. शून्य ते दहा. लांब अंतरावर एक मेणबत्ती लावायची. तिच्याकडे बघत बसायचं आणि काटा किती ते मोठ्यानं सांगायचं. तो चारवर आल्याशिवाय उठायचं नाही. पळालात तर काटा वरच अडकून बसेल. बसून राहिलात तर उतरेल. एकटं करायचं नाही.” गोळ्याही दिल्या. निघताना म्हणाल्या, “घाई नको. घाई काय करते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

बरोबर कोण बसणार, हा प्रश्न होता. कांतावहिनी म्हणाली, “भाऊजी बसतीन.” मला कोणी विचारलं नाही.

अंगणात आम्ही चुन्याच्या दहा रेषा मारल्या, एकेक पावलाच्या अंतरानं. दाराशी पहिली, फाटकाशी दहावी. काम सुटलं की मी जाई, उंबऱ्यावर ती मूर्तीपुढची अर्धी मेणबत्ती ठेवी आणि काडी ओढण्याआधी ओरडून विचारी, “पेटवू का, भाऊ?” पहिले चार दिवस उत्तर आलं, “नाई.” पाचव्या दिवशी ते दहाव्या रेषेवर फाटक धरून उभे राहिले आणि म्हणाले, “पेटवा.”

मी काडी ओढली. त्यांनी पाठ फाटकाला दाबून धरली.

“काटा किती?”

“दहा. दहाच्या वर हाये बाबू, काच फुटन आता.”

मलाही घाम फुटला. कारण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते खोटं नव्हतं. त्यांना समोर मेणबत्ती दिसतच नव्हती, दुसरं काहीतरी दिसत होतं आणि मला ते माहीत होतं. मी पाहिलेलं होतं. माझाही काटा आठ-नऊवर असावा, पण मला विचारणारं कोणी नव्हतं. पाऊण तास आम्ही दोघं असे उभे. मग ते म्हणाले, “सहा.” पुष्कळ वेळानं म्हणाले, “चार. विझवा.” मी विझवली. ते आले, वातीला गाल लावतील या भीतीनं मी मेणबत्ती पाठीमागे लपवली. मग त्यांनी उंबऱ्याला गाल लावला. “थंड हाये,” म्हणाले, आणि तिथेच बसून रडले.

असे आम्ही पावसाळ्यात दहावरून चौथ्या रेषेवर आलो. पावसानं रेषा धुतल्या की ते त्याच जागी पुन्हा मारत. मेणबत्त्या संपत, नव्या येत. पण चौथी रेषा काही ओलांडेना. तिथे आले की काटा नऊवर आणि तिथेच घट्ट. दसरा झाला, दिवाळी झाली. मी चिडायचो. एकदा म्हणूनही गेलो, “भाऊ, तीन पावलं तर हायेत.” ते म्हणाले, “बाबू, तवाबी तीनच पट्ट्या होत्या.” त्यानंतर मी घाई केली नाही.

गयाबाईनं मात्र हात टेकले. शेजारच्या माणसानं रोज गल्लीत उभं राहून आपल्या चुलीवर पहारा ठेवायचा, हे किती दिवस सहन होणार? तिनं नको म्हटलं. दिवाळीनंतर आठवडाभर त्या घरानं मुरमुरे आणि केळी खाल्ली. मग कांतावहिनीनं सुजाताला घेतलं आणि महागावकडच्या तिच्या भावाच्या गावची बस धरली. स्टँडवर मी होतो. यशवंतभाऊ आले नाहीत.

“भाऊजी, मी त्याइले सोडून नाई चालली,” ती म्हणाली. “पन लेकराले गरम भाकर पायजे. ज्या दिशी घरात चूल पेटन त्या दिशी येईन. त्याइले असंच सांगा.”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते चौथ्या रेषेवरून सहावीवर मागे गेले.

महिनाभरानं एका सकाळी जिनिंगच्या ऑफिसात फोन वाजला. गावातल्या फोनच्या दुकानातून सुजाता बोलत होती. यशवंतभाऊ नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर डबा घेऊन उभे. आमची खिडकी फाटकाला लागूनच होती. मी फोन ओढून रिसीव्हर गजांमधून बाहेर दिला. त्यांच्या बोटांत तो धरवत नव्हता, म्हणून मीच त्यांच्या कानाला लावून धरला. पोरगी एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मला सगळं ऐकू येत होतं.

“बाबा, मामाच्या घरी लय कापूस हाये. पार टिनाले टेकला. आमी वरतच झोपतो. लय मऊ मऊ लागते.”

यशवंतभाऊंनी कान रिसीव्हरवर दाबला. मग म्हणाले, “मामाची चूल कुठं हाये, बेटा?”

“घरातच ना.”

“कापसापासून किती दूर?”

पोरगी थांबली. मनातल्या मनात मोजत असावी. “वरतून हात खाली केला ना बाबा, तर भाकरी करता करता आईची वेणी ओढता येते.”

ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. या माणसाच्या भीतीनं त्याची बायको-पोर एका पेटायला तयार असलेल्या घरात नेऊन ठेवली होती, आणि हे आमच्यापैकी एकालाही आधी सुचलं नव्हतं. अख्ख्या तालुक्यात घरोघर कापूस भरलेला आहे हे काट्यावर बसून मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण ज्या घरात चूल पेटते तिथे ती गेली, म्हणजे सुटली, एवढंच डोक्यात.

मी रजा टाकली आणि आम्ही निघालो. बसमध्ये ते पुढच्या सीटच्या पाठीला गाल लावून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, “काकाले उलटी होते का?” मी नाही म्हणालो. पूर्ण रस्ता ते एकच वाक्य म्हणत होते, “माह्यामुळं झोपली ते तिथं.”

गावात पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. सगळी गल्ली तशीच. कोणत्याही दारातून आत बघितलं की कापसानं पांढरं. पोरांच्या अंगावर कापसाच्या खाजेनं उठलेल्या गांध्या. कांतावहिनीचा भाऊ मधुकर ओसरीत बसला होता. “या दाजी,” म्हणाला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उठून उभा राहिला.

घर म्हणजे एकच लांब खोली. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत कापूस, वर टिनापर्यंत. मधून एका माणसाला जाता येईल एवढी वाट, आणि वाटेच्या शेवटी, कापसाच्या बाजूनं पोत्याचा एक पडदा सोडून, चूल. कांतावहिनी पाठमोरी बसून भाकरी थापत होती. चुलीत पऱ्हाट्या होत्या, कापसाच्याच वाळक्या काड्या, आणि त्या फटफट तडकत होत्या. एक ठिणगी उडाली, पोत्यावर पडली आणि विझली. कांतावहिनीनं ती न बघताच हातानं झटकली, रोजच्या सवयीनं.

यशवंतभाऊ दारात थांबले. मी त्यांच्या मागे.

“काटा किती, भाऊ?” मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

“काटा दिसूनच नाई राह्यला,” ते म्हणाले आणि आत गेले.

मी गेलो नाही. खरं सांगतो, मी दारातच राहिलो. ते त्या वाटेनं आडवे, खेकड्यासारखे, चुलीवरची नजर न काढता पुढे सरकत होते. चौथी रेषा कुठे असेल, तिसरी कुठे, मी आपोआप मोजत होतो. दुसरी. पहिली. चुलीपासून हातभर अंतरावर ते थांबले आणि कापसाच्या भिंतीला त्यांनी उजवा गाल लावला. खाली, मग वर, मग जेवढं आत जाईल तेवढं डोकं खुपसून. डोळे चुलीकडेच. जाळाचा उजेड त्यांच्या जळलेल्या गालावर हलत होता. कांतावहिनी हातातलं पीठ तसंच धरून बघत होती.

“थंड हाये,” ते म्हणाले. “तवाबी थंडच होती, कांता. तवाबी.”

वरून सरसर आवाज झाला आणि सुजाता कापसावरून घसरत खाली आली. केसांत रुई. ती बापाजवळ उभी राहिली, त्यांनी गाल लावला होता तिथेच आपला तळहात ठेवला, मग हात कोपरापर्यंत आत घातला. बराच वेळ ठेवला. मेणबत्तीच्या वेळी अंगणात बसून तिनं सगळं बघितलेलं होतं. “थंड हाये, बाबा,” ती म्हणाली. “मी बी पाह्यलं.”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग बायकोकडे. “तवा उतरव. घरी चाल. घरी पेटव.”

“आन तुमी?”

“मी बाहेर बसन. आंगनात बसन. फाटकाबाहेर बसन. पन तू घरी पेटव.”

कांतावहिनीनं डोळे पुसले. मग पुन्हा पिठात हात घातला. “पीठ मळेल हाये. वाया कायले घालू?” म्हणाली आणि उरलेल्या पाच भाकरी केल्या. पाचही भाकरी होईस्तोवर यशवंतभाऊ तिथे, त्या वाटेत, कापूस आणि चुलीच्या मधे उभे होते. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. निघताना त्यांनी मधुकरला हाताला धरून बाहेर आणलं आणि अंगणातल्या लिंबाखाली बोट दाखवलं. “भाव येईस्तोवर चूल इथं.” मधुकर म्हणाला, “दाजी, दरसाल असंच भरतो आमी, काई होत नाई.” यशवंतभाऊंनी आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. मधुकरनं गुमान तीन दगड आणून लिंबाखाली मांडले.

त्या संध्याकाळी उमरखेडला त्यांच्या घरी चूल पेटली. यशवंतभाऊ फाटकाबाहेर रस्त्यावर बसले, सात बादल्यांसह. जेवण झालं, कांतावहिनीनं विस्तव विझवला, त्यांनी चुलीला, राखेला, भिंतीला गाल लावला आणि पोरीकडे बघितलं. तिनं हात लावला. “थंड हाये.” मग ते घरात आले. पुढे रोज असंच. त्यांचा गाल, मग तिचा हात. स्वतःवरचा भरोसा परत आला असं मी म्हणणार नाही. तिच्या हातावर बसला, एवढं नक्की. हळूहळू फाटकाबाहेरून आठवी रेष, मग सहावी. बादल्या सातच्या चार झाल्या. एखाद्या दिवशी रस्त्यावर कुणाच्या फटफटीनं फट्ट केलं की पुन्हा दहावर. मग मी मेणबत्ती घेऊन जाई आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करू. जिनिंगच्या फाटकाच्या आत मात्र ते कधी आले नाहीत. जिनिंग पुढच्या हंगामात बंदच पडलं, तेव्हा बाकी सगळ्यांचं काम गेल्यावर त्यांचंही गेलं. बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सायकलला आग लागत नाही, असं म्हणायचे.

मला यवतमाळला दुसरी नोकरी लागली. निघायच्या दिवशी संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेलो. अंगणातल्या रेषा पुसून गेल्या होत्या, पण ते बाजेवर बसले होते ती जागा तिसरीची, हे मला कळलं. चहा आला. गरम. त्यांनी कपाला गाल लावला, थोडं थांबले आणि प्यायले. मला त्या क्षणी कपाचं सांगून टाकावंसं वाटलं, त्या दिवशीच्या. तोंड उघडलंही.

“बाबू,” ते म्हणाले, “तुमी उभे होते ना, मी पाह्यलं होतं. जाळातून तेवढंच दिसत होतं मले. एक मानूस उभा हाये. पळाला नाई.”

मी त्यांच्या कडक, चकचकीत हाताला हात लावला आणि उठलो.

कांतावहिनीनं चुलीवर भाकरीचा तवा ठेवला होता, पऱ्हाट्या तडकत होत्या. मी गल्लीच्या वळणावर पोचलो आणि मागे बघितलं. यशवंतभाऊ बाजेवरून उठून दाराशी गेले होते. मला वाटलं, गाल लावणार. सुजातानं आतून काहीतरी विचारलं, बहुतेक अभ्यासातलं, आणि वही घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. ते थोडे घुटमळले. मग अंगणाकडे तोंड करून तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि वहीवर वाकले. चूल त्यांच्या पाठीमागे जळत होती.